हात हलका करताना

प्रशिक्षणाला येणाऱ्यांना मालिश येत असतेच. कुणी वर्षानुवर्षं बाळंतिणींना चोळलेलं असतं, कुणी केरळी पद्धतीचं अभ्यंग शिकलेलं असतं, कुणी कोल्हापूरच्या तालमीत पैलवानांची अंगं रगडलेली असतात. मी फिजिओथेरपिस्ट. मुंबईत कर्करोगाच्या वॉर्डात काम करण्यासाठी मी त्यांना तयार करते, आणि सुरुवातीचे दिवस तेलाची बाटली कपाटातच राहते. आधी फाइल वाचायची.

फाइलमध्ये पहिल्यांदा प्लेटलेट्स बघायच्या. निरोगी माणसाच्या रक्तात त्या दीड लाखाच्या वर असतात. केमोनंतर ५०,०००च्या खाली उतरल्या, की साध्या दाबानेही अंगावर काळेनिळे डाग उठू शकतात. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका कायमचा असतो. तिथे दाब द्यायचा नाही. आजार हाडांत उतरला असेल तर पाठीवर जोर नाही. रेडिएशन चालू असलेल्या कातडीला तेल नाही. मॉर्फिन घेणाऱ्याला दुखलेलं नीट कळत नाही, म्हणून ‘बरं वाटतंय’ या त्याच्या शब्दावर विसंबायचं नाही.

अमेरिकेतल्या ट्रेसी वॉल्टन यांनी दाबाच्या १ ते ५ अशा पायऱ्या आखल्या आहेत. पहिली म्हणजे नुसतं लोशन पसरवण्याइतका दाब. आम्ही एकमेकांच्या हातांवर डोळे मिटून सराव करतो आणि ज्याच्या हातावर सराव चालतो त्याने आकडा सांगायचा. तालमीतल्या मुलाला पहिली पायरी जमायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. आपण काहीच करत नाही, असं त्याला वाटायचं. पुढे सोलापूरकडचे एक आजोबा त्याच्या वाट्याला आले. प्लेटलेट्स फारच कमी. आजोबा म्हणाले, “आरं, जोर लाव की जरा! हातात दम न्हाई व्हय?” तो म्हणाला, “आबा, दम हाय. पर आज तुमचं रगात हलका हात मागतंय.” आणि तळपाय नुसते दोन्ही हातांत धरून बसला. आजोबांना झोप लागली. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

मालिशने कर्करोग बरा होत नाही. तसं रुग्णाला सांगणाऱ्याला मी वॉर्डात ठेवत नाही. हलक्या हाताने आजार अंगभर पसरतो, ही भीतीही खरी नाही. गाठीवर मात्र हात फिरवायचा नाही. न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १,२९० रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्या २००४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वेदना, थकवा, मळमळ, चिंता यांचा त्रास मालिशनंतर सुमारे निम्मा झाल्याचं रुग्णांनी सांगितलं होतं. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून मी याहून मोठा दावा करत नाही. पण सुई टोचायला किंवा पट्टी बदलायलाच ज्याच्या अंगाला हात लागतो, त्याच्यासाठी एवढं पुष्कळ आहे.

शिकवताना सगळ्यांत जास्त वेळ मी पायांवर घालवते. एकाच पायाला सूज, पोटरी गरम, दुखरी, म्हणजे शिरेत गुठळी असू शकते. हात लावायचा नाही, लगेच सिस्टरला सांगायचं. दिल्लीत एका तरुणाचं प्लास्टर काढल्यावर दुखणारा पाय आईने तेल लावून चोळला. गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकली आणि तो दगावला. २०१७ मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात आली. मी ती प्रत्येक तुकडीला सांगते. आपल्याकडे पाय चेपणं ही सेवा आहे, त्यात कुणाला धोका दिसत नाही. म्हणून आता रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही एक सकाळ ठेवली आहे. आमची माणसं संध्याकाळी घरी जातात. रात्री उशाशी बसून पाय चेपणारी असते ती बायको, नाहीतर लेक.