चुलीचा हिशेब

माणसे मोजणे सोपे. घरे मोजणे कठीण. सरकारदरबारी शिरगणती होते, पण चूल काही डोक्यांच्या हिशेबाने पेटत नाही. एका भाकरीसाठी तवा जेवढा तापवावा लागतो, जवळजवळ तेवढाच चारांसाठीही. एकट्याचे खोलीभाडे दोघे राहिले म्हणून दुप्पट होत नाही. कुठलीही गृहिणी हे डाळतांदूळ निवडता निवडता सांगेल. अर्थशास्त्रज्ञांना मात्र त्यासाठी कोष्टके मांडावी लागतात.

शाळेत मुलांच्या दाखल्यांसाठी येणाऱ्या विधवा आया पाहिल्या, की मी मनाशी असलेच एक कोष्टक मांडू लागतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पूर्वी कुटुंबात एकच लाभार्थी असला तर दरमहा 600 रुपये आणि अधिक असले तर 900 मिळत. म्हणजे चुलीचे गणित सरकारलाही ठाऊक होते! 2019 साली 600 चे 1000 झाले. एक मूल असलेल्या विधवेला 1100, दोन असतील तर 1200. मुलामागे महिन्याला शंभर. दिवसाला सव्वातीन रुपयांच्या आसपास. एवढ्यात मुलाचे दूधसुद्धा होत नाही. पण निदान मूल आहे, याची नोंद तरी होती. 2023 साली सरसकट 1500 झाले. रक्कम वाढली, हे चांगलेच. मुलांचा फरक मात्र पुसला गेला. वृद्धांच्या श्रावणबाळ योजनेतही तेव्हा 1500 च झाले. नवराबायको दोघेही पात्र असली, तर एका चुलीवर 3000. दोन लेकरांच्या आईच्या चुलीवर 1500. माणशी दिवसाला सतरा रुपयेही नाहीत.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. तिच्यात 2023 पासून बालकामागे दरमहा 2250 मिळू शकतात. पण तिचा अर्ज निराळा, कचेरी निराळी. ज्या आईला कुणी सांगितले तिचे घर सावरते. जिला सांगितले नाही ती पंधराशेत भागवते.

रेशनची तऱ्हा उलटी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य. अंत्योदय कार्डाला मात्र घरात माणसे कितीही असोत, 35 किलो. एकट्या म्हातारीला ते पुरून उरते, दहा जणांच्या घरात महिना संपण्याआधीच डबा वाजू लागतो.

मला वाटते, अर्जावर जात, वय, उत्पन्न सारे विचारतात, तसे एवढेच विचारावे : तुमच्या घरी रात्री किती ताटे मांडतात? आणि उत्तर आल्यावर त्याचा हिशेबही धरावा.