खर्ड्याच्या कोपऱ्यातली माणसं

कादंबरीचा पहिला खर्डा हातावेगळा झाला की लेखकाला सगळ्यात आधी शुद्धलेखन आठवतं. ऱ्हस्व-दीर्घ बघावं, 'आणि' फार झालेत ते कमी करावेत, एखादं विशेषण बदलून पाहावं. या कामात दिवस मजेत जातात, शिवाय घाम गाळल्याचं समाधान मिळतं. खरं काम टाळायची इतकी सभ्य रीत दुसरी नसेल. जे प्रकरण मुळातच जायचं आहे, त्याचे अनुस्वार तपासून काय हाती लागणार?

माझ्या टेबलावर सध्या असाच एक खर्डा पडून आहे. साखर कारखान्याच्या गेटसमोर खानावळ चालवणाऱ्या बाईची गोष्ट लिहायची म्हणून बसलो होतो. कागदावर उतरली ती तिच्या भाच्याची. हा भाचा पुण्यात वर्तमानपत्रात नोकरी करतो, सुट्टीला गावी येतो, सगळं बघतो आणि त्यावर विचार करतो. विचार जरा जास्तच करतो. मावशी आपली चुलीपाशी.

त्यातली एक जागा सांगतो. कारखान्याने पगार थकवलेत. एक फिटर कितीतरी दिवस उधारीवर जेवतोय. एका रात्री तो ताटावरून अर्ध्यातच उठतो. मावशी म्हणते, "बस खाली. वहीचं मी बघते." एवढंच. पण खर्ड्यात याच्यापुढे भाच्याचं पाऊण पान चिंतन आहे. उधारीची वही, सहकाराचा इतिहास, गावातली भूक, सगळं त्यात आलंय. वाक्यं वाईट नाहीत, एखाद-दुसरं तर व्याख्यानात टाळी घेईल. पण मावशीने दोन वाक्यांत जे दिलं, ते हा गृहस्थ पाऊण पानात काढून घेतो. खुणा करत गेलो तेव्हा दिसलं, की मावशी बोलली रे बोलली की भाचा तिचा अर्थ सांगायला हजर. असं जेव्हा पानोपानी होतं, तेव्हा वाक्यं घासूनपुसून भागत नाही. गोष्ट कुणाच्या जवळ उभं राहून सांगायची, हेच पुन्हा ठरवावं लागतं.

थोरामोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. दोस्तोयव्हस्कीने 'क्राइम अँड पनिशमेंट' आधी खुन्याच्याच तोंडून, कबुलीजबाबासारखी लिहायला घेतली होती. 1865च्या नोव्हेंबरात बरंच लिहून झालेलं असताना त्याने ते जाळलं आणि नव्या आराखड्याने पुन्हा सुरुवात केली. डोक्यावर कर्ज होतं, आणि 1866च्या जानेवारीपासून कादंबरी मासिकात क्रमशः यायचीही होती. तरी त्याने निवेदक बदलला. आता सांगणारा बाहेरचा होता, पण खुनी रास्कोलनिकोव्हच्या अगदी मागोमाग चालणारा. खुनी स्वतःच बोलत राहिला असता, तर त्याच्याबद्दल त्याला स्वतःला न कळलेलं आपल्याला कुठून कळलं असतं?

हार्पर लीचं उदाहरण तर प्रत्येक नव्या कादंबरीकाराने समोर ठेवावं असं आहे. 1957 साली लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेकडे तिचं जे हस्तलिखित गेलं, त्यात सव्वीस वर्षांची जीन लुईस न्यूयॉर्कहून आपल्या गावी परतते, वडिलांशी तिचे मतभेद होतात आणि मधूनमधून तिला लहानपण आठवतं. टे होहॉफ या संपादिकेला दम दिसला तो या आठवणींमध्ये. तिच्या सल्ल्याने लीने पुढची दोन-अडीच वर्षं पुन्हा लिहिण्यात घातली. 1960 साली 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आली, ती त्या लहान मुलीच्या बाजूने सांगितलेली. पहिला खर्डाही 2015 साली 'गो सेट अ वॉचमन' या नावाने छापून आला, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात. ज्या खटल्यावर 'मॉकिंगबर्ड' उभी आहे, तो पहिल्या खर्ड्यात ओझरता येऊन जातो, आणि तिथे आरोपी चक्क निर्दोष सुटतो! जगभर शाळांतून शिकवली गेलेली कादंबरी आपल्याच खर्ड्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

आपल्याकडे मात्र एकटाकी लिहिण्याचं भारी कौतुक. 1963 सालची नेमाड्यांची 'कोसला' झपाट्याने लिहून झाली, ही गोष्ट होतकरू लेखक एकमेकांना मिटक्या मारत सांगतात. त्याच नेमाड्यांच्या 'हिंदू'साठी वाचकांना 2010पर्यंत वाट पाहावी लागली, हे सांगताना तेवढा उत्साह नसतो. झपाट्याने लिहू नये असं नाही. मावशी मला झपाट्यातच सापडली. पण त्या झपाट्यात तिची जागा चुलीपाशीच राहिली, आणि ती बदलायला सावकाशीच हवी.

बाकी कामं सांगण्यासारखी, पण थोडक्यात. खर्डा काही आठवडे नजरेआड ठेवावा. मग कागदाच्या एकाच बाजूला, ओळींत भरपूर जागा सोडून छापून घ्यावा आणि मोठ्याने वाचावा. संवाद खोटा असेल तर जीभ अडखळते, डोळा अडखळत नाही. काळवेळेची वेगळी वही करावी. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळा लागता लागता संपतो. तेव्हा ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल कधी घेतली जाते, टोळ्या कोयते घेऊन कधी येतात, कधी परततात, हे बसवल्यावर खानावळीतली गर्दी आपोआप कमीजास्त झाली आणि दोन प्रसंगांना नवा महिना मिळाला. त्यातला एक तर नव्या महिन्यात टिकलाच नाही. फिटर पावसाळ्यात गाव सोडतो असं होतं. पण कारखाना बंद असताना त्याला ओव्हरहॉलिंगचं काम असतंच, मग तो जाईल कसा? काढलेलं सगळं मी वेगळ्या फायलीत ठेवतो. त्यातलं परत फारसं काही घेतलं जात नाही. पण फाइल आहे म्हणून कात्री धीराने चालते.

उणीव जाणवते ती दुसऱ्या नजरेची. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत, राम पटवर्धन ही माणसं हस्तलिखितावर लेखकाशी वाद घालत, पुन्हा लिहायला लावत. त्यांचं 'सत्यकथा' मासिक 1982 साली बंद पडलं. असे संपादक आजही असतील, पण बहुतेक प्रकाशक आता थेट टाइप केलेली फाइल मागतात आणि प्रुफं पाठवतात. प्रुफांत काना-मात्रा दिसतात. भाचा फार बोलतो, हे कोण सांगणार?

म्हणून वाचकांकडे एक मागणं आहे. ओळखीतल्या कुणी आपला खर्डा वाचायला दिला, तर "छान झालंय" म्हणून परत करू नका. शुद्धलेखनाच्या चुकाही काढत बसू नका. कोणत्या पानावर कंटाळून खाली ठेवलात आणि कोणतं माणूस अजून हवं होतं, एवढंच सांगा.