वज्रेश्वरी, व्हाया फॅनबेल्ट

सकाळी ठाण्याहून निघायचं, वज्रेश्वरीला देवीची ओटी, अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसायचं आणि दुपारच्या जेवणाला घरी. शनिवारचा असा सुटसुटीत प्लॅन. गाडी बाबांची. जुनी, डिझेलवाली, सात जणांना पोटात घेणारी. आदल्याच दिवशी गॅरेजमध्ये तिचा फॅनबेल्ट बदलून झाला होता. म्हणजे टेन्शन नाही, असं आम्हाला वाटत होतं!

किल्ली फिरवली आणि बॉनेटखालून 'घूंऽऽ' असा दणदणीत आवाज आला. मी दचकले. बाबा शांत. "थंड आहे. मिनिटभर थांब." आणि खरंच, मिनिटभरात आवाज खाली बसला.

हे त्यांचं जुनं कसब. आजच्या छोट्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटरवर चालतो. अशा जुन्या डिझेल गाड्यांत तो इंजिनाच्या नाकावर बसतो आणि पट्ट्यावर फिरतो. मधे एक क्लच असतो, त्यात घट्टसर सिलिकॉन तेल. रात्रभर गाडी उभी राहिली की ते तेल नको तिथे साचतं, म्हणून सकाळी पंखा इंजिनाबरोबर पूर्ण वेगाने धावतो. जरा वेळाने तेल जागेवर जातं, पंखा सैलावतो. ट्रॅफिकमध्ये रेडिएटर तापला की पुन्हा जोर धरतो. थोडक्यात, सकाळचा घूं म्हणजे आजार नाही. मोकळ्या रस्त्यावरही तो थांबला नाही, तर मात्र काळजी.

भिवंडीतून जाताना कुठलाच आवाज वेगळा काढता येत नाही. यंत्रमागांची खटखट, कंटेनरचे हॉर्न, गोदामांकडे वळणारे ट्रक. शहर मागे टाकून वाड्याच्या रस्त्याला लागलो, तेव्हा दोन गोष्टी ऐकू आल्या. खड्ड्यात गाडी आदळली की 'खर्र'. आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चिमणीसारखं बारीक 'चीं-चीं'.

"बाबा, चीं-चीं ऐकताय ना?"

"खर्र येतंय. चीं कुठेय?"

मी रेडिओ बंद केला, काच खाली घेतली. चीं-चीं चालूच. बाबा म्हणाले, "काही नाही गं, तुला भास होतोय." मला राग आला. गॅरेज त्यांनी निवडलेलं, म्हणून कबूल करत नाहीत, असंच वाटलं. मागे आई ओटीची पिशवी घट्ट धरून गप्प.

अंबाडी नाक्यावरून डावीकडे वळलो आणि वज्रेश्वरी गाठली. देऊळ टेकडीवर, भोवती किल्ल्यासारखी दगडी तटबंदी. त्यामागे नवस आहे. वसईच्या मोहिमेवर निघालेल्या चिमाजी अप्पांनी देवीला बोललेला. १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून मराठ्यांच्या हाती आली आणि नवस फेडायला हे देऊळ उभं राहिलं. वर जायला बावन्न दगडी पायऱ्या, त्यातल्या एकीवर कासव. आई ओटी घेऊन पुढे गेली. बाबा म्हणाले, "आधी गाडी."

मी गॅरेजला फोन लावला. पलीकडून उत्तर तयार होतं : "फॅनचा क्लच गेला असेल. सोमवारी आणा, बदलून टाकू." म्हणजे काही हजारांचा चुराडा. तोवर? या पट्ट्यावर फक्त पंखा नसतो, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटरही असतो. पट्टा तुटला तर इंजिनाचं पाणी फिरायचं थांबतं आणि काही मिनिटांत इंजिन उकळतं. गरम पाणी बघायला आलो होतो खरे, पण ते रेडिएटरमधून नको!

इंजिन बंद करून अर्धा तास थांबलो. मग बाबांनी पंखा हाताने फिरवला. हलका अडथळा लागला. "हे बरोबर. भिंगरीसारखा फिरला असता किंवा जाम असता तर क्लच गेला म्हणायचं." पात्याचं टोक धरून मागेपुढे हलवलं, खुळखुळ नाही. म्हणजे बेअरिंगही ठीक. मग खर्र कसली? पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या कड्यावर खालच्या बाजूला ताजा पांढरा ओरखडा दिसला. पट्टा घालताना कडं सैल केलेलं, आणि खालचा एक बोल्ट परत लावलाच नव्हता. खड्ड्यात ते उडायचं आणि पात्याला घासायचं.

चीं-चीं राहिली. रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजमधला मुलगा आला. मला म्हणाला, "ताई, ओढणी सांभाळा, लांब उभ्या राहा." गाडी सुरू करून त्याने बाटलीने लांबूनच पट्ट्यावर थोडं पाणी उडवलं. चीं-चीं वाढली. "पट्टा सैल आहे, घसरतोय. नवीन पट्टा पहिल्या धावेत खोबणीत बसतो, थोडा लांबतो. मग परत ताणावा लागतो. ते कोणी सांगितलं नाही?" इंजिन बंद करून त्याने अल्टरनेटरचा बोल्ट ढिला केला, पट्टा ताणला, अंगठ्याने दाबून बघितला. "जास्तही ताणायचा नाही, नाहीतर पंपाचं बेअरिंग रडायला लागतं." कड्याला बोल्ट लावला. मजुरी दीडशे रुपये.

गाडी पुन्हा सुरू केली. त्याने विचारलं, "काका, थांबली ना चीं-चीं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ते म्हणाले, "थांबली."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना ती कधी ऐकूच आली नव्हती.

पायऱ्या चढताना कासवापाशी ते थांबले. "घूं कळतं, खर्र कळतं. बारीक आवाजच येत नाहीत हल्ली. कुकरची शिट्टीसुद्धा आई सांगते तेव्हा कळते." वय वाढलं की कानातून आधी बारीक आवाज जातात, जाडे राहतात, हे मी एका फीचरसाठी कधीतरी लिहिलंही होतं. घरात मात्र ऐकलं नव्हतं. तीस वर्षं आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणाऱ्या माणसाला मी वाटेत मनातल्या मनात खोटं ठरवलं होतं.

अकलोलीला कुंडात पाय सोडून तिघं बसलो. पावसाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. बाजूने तानसा नदी थंडपणे वाहते.

परतताना प्रत्येक खड्ड्यानंतर बाबा विचारत होते, "येतोय का?" आणि मी खरं खरं सांगत होते, "नाही." ठाण्यात पोचल्यावर मी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. बाबा नाही म्हणाले नाहीत.

जाताना एवढं करा

ठाण्याहून भिवंडी-अंबाडीमार्गे, मुंबईच्या पश्चिम उपनगरांतून अहमदाबाद हायवेने शिरसाड फाट्यावरून. गणेशपुरीला नित्यानंद महाराजांची समाधी जवळच आहे. नवा पट्टा घातला असेल तर लांब जाण्याआधी एकदा ताण तपासून घ्या. पंख्याला हात लावायचा तो इंजिन बंद आणि थंड असतानाच. आणि शेजारी बसलेल्याला आवाज येत नसेल, तर वाद घालू नका. विचारा.