बॉयकॉट आणि वाळीत

चि. मुक्ता,


गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबावरचा तुझा लेख वाचला. पोटतिडकीने लिहिलायस. पण सगळीकडे ‘बॉयकॉट’ म्हटलंयस, तिथे मी अडखळले.

हे एका माणसाचं आडनाव. चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी. 1880 साली कुळांनी खंडात सूट मागितली. हवी तेवढी मिळाली नाहीच, उलट जमिनी सोडायच्या नोटिसा निघाल्या. मग गडी काम टाकून गेले, लोहार घोड्यांना नाल मारीना, दुकानदार सामान देईना. पीक काढायला उत्तरेकडून 50 माणसं आणली, त्यांच्या राखणीला शेकडो शिपाई. 500 पौंडांच्या पिकापायी 10,000 पौंड खर्ची पडले म्हणतात. ‘ऑस्ट्रसाइझ’ हा जड शब्द कुळांच्या तोंडी बसेना, म्हणून फादर ओ’मॅली या तिथल्याच पाद्र्याने ‘बॉयकॉट’ सुचवला, असं रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराने सांगितलंय. म्हणजे शब्द घडला तोच गरिबाला उच्चारता यावा म्हणून! टिळकांचा विलायती मालावरचा बहिष्कार याच कुळीतला.

आता आपलं गाव. मी सातवीत होते. खालच्या आळीतल्या एका घराने गावकीचा दंड भरला नाही. त्या शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात थांबली नाही. दुकानात त्यांना रॉकेल मिळेना. घरातला म्हातारा गेला तेव्हा दोन मुलगे आणि जावई होते, तिरडीला चौथा खांदा मिळेना. आमच्या दाराला आतून कडी होती. बॉयकॉटच्या पाठीशी लॉर्ड होता, सरकार होतं. या घरामागे कोण होतं?

बाबासाहेबांनी 1927 मध्ये पाक्षिक काढलं, त्याचं नावच ‘बहिष्कृत भारत’. असा बहिष्कार गुन्हा ठरवावा, हे त्यांनी 1947 साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडलं. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 चा. मधली वर्षं तूच मोज. इंग्रजीत लिहिताना बाबासाहेबांनीही ‘बॉयकॉट’ वापरला, पण तू मराठीत लिहितेयस. ‘वाळीत टाकलं’ म्हटलं की कोणी कोणाला टाकलं हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘बॉयकॉट’ने टाकणारेच अन्यायाविरुद्ध उभे राहिल्यासारखे वाटतात.

एवढं बदल आणि मग लेख पाठव. त्या घरातली धाकटी माझ्या वर्गात होती, माझ्याच बाकावर बसायची. त्या वर्षी मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

तुझी,
आत्या