उसनी जखम

डिसेंबर 1918 मधली काही छायाचित्रं आहेत. जेमतेम साडेपाच फुटांचा, एकवीस वर्षांचा एक तरुण ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या अधिकाऱ्याच्या गणवेशात उभा आहे. हातात छडी, टोपी किंचित तिरकी, छातीवर वैमानिकाचे पंख. गावाचं नाव ऑक्सफर्ड, पण ते इंग्लंडातलं नव्हे, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं. या गावात तो लंगडत चालायचा. कुणी विचारलं तर विमान कोसळल्याचं सांगायचा. पुढे पुढे डोक्यात चांदीची पट्टी बसवल्याचंही सांगू लागला.

या तरुणाचं नाव विल्यम फॉकनर. पुढे साहित्याचं नोबेल मिळवणारा तोच.

खरी हकिकत अशी. एस्टेल नावाच्या ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं, तिचं एप्रिल 1918 मध्ये दुसऱ्याशी लग्न झालं. गावात मन रमेना. अमेरिकन सैन्यानं उंची कमी म्हणून नाकारलं, असं सांगतात. मग त्यानं इंग्रज असल्याची बतावणी केली, जन्मगाव लंडनजवळचं फिंचली लिहिलं, आडनावात इंग्रजी ‘यू’ हे अक्षर घुसवलं. (कानाला हा फरक कळत नाही, कागदावर मात्र माणूस बदलतो.) जुलैमध्ये तो कॅनडात टोरांटोला रॉयल एअर फोर्सचा कॅडेट म्हणून दाखल झाला. कवायत, तारयंत्र, विमानविद्येचे वर्ग सुरू झाले आणि 11 नोव्हेंबरला युद्धच संपलं. प्रशिक्षण अर्धवट राहिलं. युरोप दूरच, टोरांटोत असताना तो विमानात तरी बसला का, याचीही चरित्रकारांना शंका आहे. अधिकाऱ्याचा गणवेश त्यानं स्वतः विकत घेतला, पंखही.

इथवर गोष्ट हसण्यासारखी आहे. विशीतल्या पोरानं मारलेली लोणकढी थाप, एवढंच. पण त्याच घरातला धाकटा भाऊ जॅक अमेरिकन मरीन दलातून फ्रान्सला गेला होता. त्याला विषारी वायू लागला, मग आर्गॉनच्या लढाईत तो जखमी झाला. जखमा कुठे? पायाला आणि डोक्याला. थोरला भाऊ घरी लंगडत होता आणि पुढे डोक्यातल्या पट्टीच्या गोष्टी सांगणार होता, त्या जखमा धाकट्याच्या अंगावर खऱ्याखुऱ्या होत्या. फॉकनरनं हे जाणूनबुजून केलं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की हसू मावळतं.

मराठीत ‘तोतया’ म्हटलं की पानिपत आठवतं. सदाशिवरावभाऊ असल्याचा दावा करणाऱ्याला 1776 मध्ये देहदंड झाला. त्यानं दुसऱ्याचं अख्खं नावच घेतलं होतं. युद्धातल्या विमानांच्या बाता मारणारे वेगळ्या जातीचे. नाव, गाव, बायकामुलं, सगळं त्यांचं स्वतःचंच असतं. उसनी असतात ती मधली दोनतीन वर्षं. म्हणून ते सापडायला वेळ लागतो.

आणि आकाश हे थापेला फारच सोयीचं ठिकाण. खंदकात शेजारी दहा माणसं असतात. एका आसनाच्या विमानात साक्षीदार कुणीच नाही. त्यामुळेच की काय, विमानांच्या जगानं नोंदींचा हट्ट धरला. तारीख, विमानाचा प्रकार, कुठून कुठे, किती तास, हे सगळं लॉगबुकात. स्क्वाड्रनच्या रोजच्या मोहिमांच्या नोंदी वेगळ्या. जाणकार मंडळी म्हणूनच शौर्याबद्दल काही विचारत नाहीत. स्क्वाड्रन कोणतं, विमान कोणतं, कमांडिंग ऑफिसर कोण, एवढंच विचारतात. खरा माणूस पटकन सांगतो, वर त्या साहेबाच्या दोन खोडीही सांगतो. दुसरा मात्र ‘ते गुप्त होतं’ म्हणतो.

अर्थात लॉगबुकही माणूसच भरतो. न उडालेले तास नुसते लिहून काढण्याला इंग्रजी बोलणाऱ्या वैमानिकांत एक मिश्कील नाव आहे: पी-51 चे तास. पी-51 मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं नावाजलेलं लढाऊ विमान आणि पार्कर 51 हे त्याच काळात नावारूपाला आलेलं पेन. ऐकणाऱ्याला वाटावं लढाऊ विमान, असते मात्र शाई. ब्रिटिश सैनिक अशा बनावट वीरांना ‘वॉल्ट’ म्हणतात. जेम्स थर्बरच्या 1939 च्या कथेतल्या वॉल्टर मिटीवरून हे नाव आलं. हा बिचाऱ्या मिटीवर अन्यायच आहे. तो फक्त दिवास्वप्नं पाहतो, कुणाला काही सांगत नाही.

थाप मारणारा प्रत्येक जण जमिनीवरचाच असतो असंही नाही. मुलांचा लाडका लेखक रोआल्ड डाल खराखुरा लढाऊ वैमानिक होता. 19 सप्टेंबर 1940 ला इजिप्तच्या वाळवंटात तो ग्लॅडिएटर विमान घेऊन आपल्या 80 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे निघाला. तळाची जागा त्याला चुकीची सांगितली गेली होती. इंधन संपत आलं, अंधार पडू लागला. वाळवंटात उतरताना विमान दगडावर आदळून पेटलं. कवटी फुटली, नाक चेचलं, काही काळ दृष्टी गेली. बरा होऊन तो एप्रिल 1941 मध्ये हरिकेन विमानातून ग्रीसच्या आकाशात लढला, शत्रूची विमानं पाडली. एवढी कमाई कुणालाही पुरावी.

पण 1942 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’नं त्याचा लेख छापला तो ‘लिबियावर पाडलेलं विमान’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली. तेव्हा डाल वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत नेमणुकीवर होता आणि कादंबरीकार सी. एस. फॉरेस्टरनं त्याला अनुभव लिहायला उद्युक्त केलं होतं. पत्ता चुकला, पेट्रोल संपलं, दगड आडवा आला, यातून युद्धकथा होत नाही. नुकत्याच युद्धात उतरलेल्या अमेरिकेला ब्रिटिश वीर हवे होते आणि वीराला शत्रू लागतो. इथं दोष एकट्या सांगणाऱ्याच्या पदरी घालता येत नाही. कधी कधी थापेची मागणी ऐकणारा नोंदवतो, सांगणारा फक्त माल पुरवतो. डालनं ‘गोइंग सोलो’ या 1986 च्या आठवणींत अपघाताची खरी हकिकत सांगितली. दरम्यान चव्वेचाळीस वर्षं उलटली होती.

ॲरिझोनातल्या डॅरो टलीला मात्र असा कुणी फॉरेस्टर भेटला नव्हता. ‘ॲरिझोना रिपब्लिक’ आणि ‘फीनिक्स गॅझेट’ या वृत्तपत्रांचा हा प्रकाशक कोरिया आणि व्हिएतनाममध्ये लढलेला हवाई दलाचा अधिकारी म्हणून मिरवायचा, समारंभांना गणवेशात, पदकं लावून यायचा. व्हिएतनाममध्ये खरोखर पाडला गेलेला आणि साडेपाच वर्षं कैदेत काढलेला जॉन मॅकेन त्याचा जवळचा मित्र. डिसेंबर 1985 मध्ये तिथल्या सरकारी वकिलानं उघड केलं की टली सैन्यात कधी नव्हताच. त्यानं राजीनामा दिला. इतरांच्या बातम्या रोज तपासणाऱ्या कचेरीत प्रकाशकाच्या खुर्चीकडे कुणी तपासाच्या नजरेनं पाहिलं नव्हतं. याहून जास्त काही टलीबद्दल सांगण्यासारखं नाही. बाजारातून आणलेली पदकं उतरवल्यावर खाली दुसरी गोष्ट उरली नाही.

फॉकनरची गोष्ट मात्र उरते, कारण त्याच्या थापेला पुढे फांद्या फुटत गेल्या. 1925 मध्ये न्यू ऑर्लिन्सला त्याची ती दुखरी जखम ऐकून ज्येष्ठ लेखक शेरवुड अँडरसननं जखमी वैमानिकाचं पात्र असलेली कथा लिहिली. 1926 ची फॉकनरची स्वतःची पहिली कादंबरी ‘सोल्जर्स पे’ ही तर घरी परतलेल्या, मरणपंथाला लागलेल्या वैमानिकाची.

मग 1933 उजाडलं. पस्तिशीत तो मेम्फिसच्या कॅप्टन व्हर्नन ओम्लीकडे विमान शिकायला गेला. जाताना जुनी थाप सोबत होतीच: युद्धात अपघात झाले, हिंमत गेली, ती परत मिळवायची आहे, बोभाटा नको. शिकवणाऱ्याला काय कळायचं ते पहिल्या उड्डाणातच कळलं असेल. पण फॉकनर चिवटपणे शिकला, परवाना मिळवला, वाको जातीचं विमान घेतलं. पंधरा वर्षांपूर्वी छातीवर लावलेले पंख त्यानं असे उशिरा कमावले.

आता तरी जुनं सोडून द्यावं! पण नाही. 1943 मध्ये युद्धात वैमानिक व्हायला निघालेल्या पुतण्याला लिहिलेल्या पत्रात काका पुन्हा रॉयल एअर फोर्सचे झाले, आपला बिल्ला म्हणे जर्मनीत हरवला. पुतण्या खरोखरच मरीन दलाचा लढाऊ वैमानिक झाला. तीन वर्षांनी समीक्षक माल्कम काउली फॉकनरच्या लेखनाचा संग्रह काढत होता आणि प्रस्तावनेत त्यानं ही युद्धकथा भाबडेपणानं लिहिली होती. छापील पुस्तकात ती पाहण्याची कल्पना लेखकाला सोसवेना. आपण 1918 मध्ये रॉयल एअर फोर्समध्ये होतो, एवढंच ठेवा, असा आग्रह त्यानं धरला. हे खरं होतं. थाप मारली होती असं मात्र त्यानं काउलीला सांगितलं नाही.

सगळ्यात धाकटा भाऊ डीन. थोरल्याच्या नादानं तोही उडू लागला आणि त्यात तरबेज झाला. वाको विमान फॉकनरनं त्याला दिलं. 10 नोव्हेंबर 1935 ला पाँटोटॉक गावच्या विमानजत्रेत डीननं तीन तरुणांना फिरवायला वर नेलं. विमान कोसळलं, चौघेही गेले. डीनची बायको गरोदर होती. पुढे जन्मलेल्या मुलीचं नावही डीनच ठेवलं आणि तिचा सांभाळ काकानं केला.

1929 च्या ‘सार्टोरिस’ या कादंबरीत फॉकनरनं महायुद्धात पडलेल्या एका कल्पित वैमानिकाच्या थडग्यावर बायबलमधला गरुडाच्या पंखांचा उल्लेख असलेला लेख कोरवला होता. ऑक्सफर्डच्या कबरस्तानात डीनच्या दगडावर त्यानं तोच लेख घालायला सांगितला.