लॅमिंग्टन रोडला कूलर आणायला जाताय?

कूलर म्हटलं की अकोला-नागपूरच्या घरात डोळ्यांसमोर येतो तो खिडकीतला, खसच्या ताट्यांचा, रोज पाणी भरायला लावणारा कूलर. आज आपण ज्याच्यासाठी मुंबईत फिरणार आहोत तो त्याचा लांबचा चुलत भाऊ. साधारण वीतभर उंच, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत, त्यातून गेलेल्या तांब्याच्या नळ्या आणि पुढे एक पंखा. हा बसतो डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर. घरातल्या मुलाने किंवा मुलीने प्रोसेसर ‘ओव्हरक्लॉक’ केला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला घेतला, की बरोबर आलेला छोटा पंखा अपुरा पडतो. मग घरात लॅमिंग्टन रोडचं नाव निघतं.

पश्चिम रेल्वेने ग्रँट रोडला उतरा आणि पूर्वेला बाहेर पडा. तिथून रस्ता चालत जाण्याइतकाच लांब आहे. पाटीवर ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ लिहिलेलं दिसेल, पण टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगा. मुंबईच्या या भागात ऑटोरिक्षा येत नाहीत, त्यामुळे टॅक्सी, बस किंवा आपले पाय. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते आणि तिथे खोबऱ्यात घोळवलेला चॉकलेटचा लॅमिंग्टन केक आजही आवडीने खातात. तिकडे केक, इकडे कॉम्प्युटर.

एकेकाळी हा रस्ता सिनेमाचा. ‘शोले’ ज्या मिनर्व्हात वर्षानुवर्षं चालला ते इथलंच, आणि चित्रपट वितरकांची ऑफिसं असलेलं नाझही इथलंच. पुढे रेडिओचे सुटे भाग, अँप्लिफायर, टीव्हीचे अँटेना आणि मग कॉम्प्युटर. आजही दोन दुकानांच्या फटीत स्टूल टाकून सोल्डरिंग करणारा माणूस दिसतो, आणि त्याच्या शेजारी काचेमागे रंगीबेरंगी दिव्यांचे कॅबिनेट लखलखत असतात. रविवारी मात्र येऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

दिल्लीच्या वाचकांना हेच नेहरू प्लेसमध्ये मिळेल, बेंगळुरूच्या वाचकांना एस. पी. रोडवर आणि चेन्नईकरांना रिची स्ट्रीटवर. गल्ल्या वेगळ्या, प्रश्न तेच. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, “प्रोसेसर कौनसा है?” दुसरा, “बजेट?” तिसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, आणि खरा तोच महत्त्वाचा आहे: कॉम्प्युटर ठेवलेली खोली दुपारी किती तापते?

कारण असं. खिडकीतला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवाच गार करतो. प्रोसेसरचा कूलर तसं करू शकत नाही. त्याच्या तांब्याच्या नळ्यांतही थोडंसं पाणी असतं, खालच्या गरम टोकाला त्याची वाफ होते, वर पत्र्यांजवळ ती पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून परत खाली झिरपते. पण हे सगळं नळीत बंद असतं. शेवटी उष्णता टाकायची ती खोलीतल्या हवेतच, आणि त्या हवेपेक्षा गार काही तो करू शकत नाही. समजा, पुण्यात डिसेंबरच्या रात्री खोली २२ अंशांवर आहे आणि पूर्ण कामाला लावलेला प्रोसेसर ७८ अंशांवर थांबतो. म्हणजे खोलीपेक्षा ५६ अंश वर. मे महिन्यात तीच खोली ३८ वर गेली की प्रोसेसर ९४ च्या घरात जाणार. रायझन ७ ५८००एक्सची मर्यादा ९० अंश आहे. तिथे पोचल्यावर तो जळत नाही, स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे वाढवलेला वेग नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलं घरी असताना गायब.

आणि वेग वाढवण्याची किंमत दिसते त्यापेक्षा जास्त असते. वेग ५ टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के चढवलं, तर उष्णता जवळपास २७ टक्क्यांनी वाढते, कारण व्होल्टेजचा हिशेब वर्गाने होतो. याच ५८००एक्सच्या खोक्यावर १०५ वॉट लिहिलेलं असतं, पण मुळातच तो १४२ वॉटपर्यंत घेतो. त्यावर हे २७ टक्के चढवा, आकडा १८० वॉटला टेकतो. म्हणून ‘१०५ वॉटचा प्रोसेसर आहे’ असं दुकानात सांगून कूलर मागू नका.

(त्याही आधी एक बघा. इंटेलच्या नावात शेवटी ‘के’ नसेल, किंवा मदरबोर्ड ‘बी’ वा ‘एच’ मालिकेतला असेल, तर हे ओव्हरक्लॉकिंग जमणारच नाही. मग लोकलचं तिकीटही वाचेल.)

साधारण १५० वॉटपर्यंत एका टॉवरचा, १२० मिलिमीटर पंख्याचा कूलर पुरतो. त्यापुढे दोन टॉवरचा घ्यावा. इंटेल आय९ १४९००के सारखा २५३ वॉट खाणारा प्रोसेसर आणखी पळवायचा असेल तर हवेचा कूलर हातघाईला येतो, तिथे हट्ट नको. बाकीच्यांना दुकानदार “लिक्विड ले लो” म्हणाले तरी माझं मत हवेच्याच बाजूने पडतं. लिक्विड कूलरही उष्णता टाकतो त्याच खोलीत. शिवाय हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा एकच भाग, पंखा, आणि तो कुठल्याही जिल्ह्याच्या गावी मागवता येतो. पंप बंद पडला तर बहुधा अख्खा संचच बदलावा लागतो.

आता उंची. डीपकूल एके४०० ची १५५ मिलिमीटर, एके६२० ची १६०, ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआच्या एनएच-डी१५ ची १६५. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीची रुंदी, पण तेवढ्यासाठी कॅबिनेटची काच लागत नाही. म्हणून घरून निघतानाच कॅबिनेटच्या माहितीपत्रकातला कूलरच्या उंचीचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. मेमरीच्या पट्ट्यांवर उंच, दिव्यांचे पंख असतील तर त्याचाही फोटो घ्या. पुढचा पंखा त्यांच्यावर टेकतो, मग तो वर सरकवावा लागतो, आणि काचेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

एनएच-डी१५ दोन पंख्यांसह १.३२ किलो भरतो. बदलीच्या नोकरीतल्या घरांनी याचा विचार करावा. ट्रकमधून सामान जाणार असेल तर एवढा टॉवर मदरबोर्डवर लटकता ठेवायचा नाही. काढून वेगळा बांधायचा, आणि नव्या घरी बसवताना थर्मल पेस्ट नवीन लावायची. त्यासाठी एक छोटी सिरिंज जास्तीची घेऊन ठेवा.

पैसे देण्याआधी खोकं काउंटरवरच उघडायला सांगा. तुमच्या सॉकेटचा ब्रॅकेट आत आहे ना ते बघा, एएम४, एएम५ किंवा एलजीए१७००, जो असेल तो. “बिना बिल का दूँ?” असं कुणी विचारलं तर १८ टक्के जीएसटी वाचल्याच्या आनंदात वॉरंटी सोडू नका. पावसाळ्यात जात असाल तर मोठी प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवा, आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परतीची लोकल पकडा. काच असलेलं कॅबिनेटही घेतलं असेल तर टॅक्सीच करा.

घरी बसवून झालं की पहिली चाचणी रात्री घेऊ नका. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला घ्या, पंखा नेहमीसारखा लावून, कॅबिनेटची काच बंद ठेवून, अर्धा तास प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून. आकडा मर्यादेच्या पाच-सात अंश खाली थांबला तर ठीक. त्याहून वर गेला तर आधी व्होल्टेज थोडं उतरवा, मग वेग १०० मेगाहर्ट्झने कमी करा आणि पुन्हा अर्धा तास बघा.