पाकीट फडताळात नको

शाहूपुरी, कोल्हापूर

चि. सोनू,

तुझा फोटो बघितला. बिअरला घालायच्या हॉप्सच्या हिरव्या गोळ्यांचं उघडं पाकीट, त्याला कपड्यांचा चिमटा, आणि ते फडताळात चहाच्या डब्याशेजारी. तुझी मामी म्हणाली, "केंटात म्हशी कधी घेतल्या हिनं?" दिसायला हुबेहूब गोळी पेंडच की गं! करतातही तशीच: वाळलेली फुलं दळायची आणि भुकटी बारीक भोकांतून दाबून काढायची. पण पेंडीचं पोतं गोठ्यात पडून राहिलं तरी चालतं. हा माल तसा नाही. गुळाच्या अडत्याची भाची असून तू तो असा ठेवलास, म्हणून हे पत्र.

बिअर कशी लागते हे मला विचारू नकोस. इथं परवान्याशिवाय घरात बिअर करायला बसलं तर 1949 चा दारूबंदी कायदा आहे. तुमच्याकडं इंग्लंडात 1963 पासून घरच्यापुरती करायला परवाना लागत नाही. विकायची मात्र नाही. पुण्यात 2009 साली डूलाली ब्रुअरी निघाली आणि मागोमाग बरेच जण ताजी बिअर करून विकायच्या धंद्यात उतरले. आपल्या पेठेतला एक पोरगा त्याच धंद्यात आहे, त्याला पिडून मी सगळं विचारून घेतलं. साठवणीचं म्हणशील तर त्यात मला कुणी शिकवायची गरज नाही.

वर्षातून एकदा येणारं पीक आणि बारा महिने लागणारा जिन्नस, यावरच आपली पेठ उभी आहे. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी वसवली तीच गुळाच्या व्यापारासाठी. दिवाळीच्या पाडव्याला सौदे निघतात, उन्हाळा लागेपर्यंत गुऱ्हाळं चालतात, आणि आत्ता आषाढात बघशील तर उघडा राहिलेला गुळाचा रवा हवेतलं पाणी ओढून पाझरतोय, काळा पडतोय. गुजरातचा व्यापारी 30 किलोचे रवे नेऊन कोल्ड स्टोरेजला टाकतो, तो उगाच नव्हे. तुझ्या हॉप्सचंही तेच. सप्टेंबरच्या सुमारास तोडणी, लगेच वाळवण. केंटमधली ती टोकदार छपरांची जुनी घरं म्हणजे हॉप्स वाळवायच्या भट्ट्याच होत्या. पाण्याचा अंश दहा टक्क्यांच्या आसपास आला की पुढं दळण.

सांभाळायची असते ती फुलाच्या पाकळ्यांच्या बुडाशी असलेली पिवळी, चिकट पूड. कडवटपणा देणारी अल्फा आम्लं त्यातच आणि वासाची तेलंही त्यातच. हवा लागली की दोन्ही बिघडतात, उबेत लवकर बिघडतात. म्हणून तर कारखानदार चकचकीत पाकिटात नायट्रोजन भरून किंवा हवा ओढून माल देतो. ते तू कात्रीनं कापलंस आणि चिमटा लावलास!

आता असं कर. आधी वास घे. शिळ्या चीजसारखा किंवा पायमोज्यासारखा आला तर माल गेला, हळहळू नकोस. चांगला असेल तर एका घाण्याला लागतील तेवढ्या गोळ्यांच्या पुड्या बांध, हवा पिळून काढ आणि उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये टाक. साधी पातळ पिशवी नको. जिच्यातून वास बाहेर येतो, तिच्यातून हवाही आत जाते. पुडीवर जात, अल्फाचा टक्का आणि पिकाचं साल लिही. खरेदीची तारीख लिहून उपयोग नाही. आणि फ्रीझरमधून काढलेली पुडी अर्धी वापरून परत ठेवणार असशील तर ती खोलीच्या उबेला आल्यावरच उघड, नाहीतर गार मालावर दव धरतं.

टक्का कशासाठी, ते हिशेबानं सांगतो. 20 लिटरला 5 टक्क्यांच्या 30 ग्रॅम गोळ्या म्हणजे 1500 मिलिग्रॅम अल्फा. तासभर उकळून त्यातला चौथा हिस्सा उतरला असं धर, लिटरमागं 19 मिलिग्रॅमच्या आसपास कडवटपणा आला. फडताळात पडून टक्का साडेतीनवर आला की तोच आकडा 13. पाकिटावर मात्र पाचच छापलेलं. मग तू म्हणणार, पाककृती चुकली.

वासासाठीच्या गोळ्या शेवटच्या पाच-दहा मिनिटांत टाकायच्या, तेलं उकळीत उडून जातात. गोळ्या फुटून तळाला हिरवा गाळ धरतो. कापडी पिशवीत घालणार असशील तर ती ढिली बांध, त्या फुगतात.

किलोभर स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतल्यास, तेही मला पटलं नाही. महिन्याकाठी एक घाणा काढणाऱ्या घरात किलो संपायचा कधी? जुना गूळ वैद्य मागून नेतात. जुन्या हॉप्सला विचारणारे म्हणजे बेल्जियमचे लँबिक बिअरवाले. त्यांना कडवटपणा नको असतो, पण हॉप्सनं काही जंतू रोखले जातात तेवढं हवं असतं. तू काही लँबिक करत नाहीस. 100 ग्रॅमची पाकिटं घेत जा, दोन पैसे जास्त गेले तरी.

तुझ्या घरातल्या कुत्र्याचं मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. हॉप्स पोटात गेले तर कुत्र्याला जिवावरचा ताप चढतो. उकळून उरलेला चोथासुद्धा अंगणातल्या खताच्या ढिगावर टाकू नकोस.

गूळ घालावा का, असं विचारलंस. घाल, पण 20 लिटरला पाव ते अर्धा किलोच. यीस्ट त्याची बहुतेक सगळी साखर खाऊन टाकतं, म्हणजे गोडी उरत नाही; जास्त घातलास तर बिअर पातळ लागेल. सौद्यात पिवळ्याधमक गुळाला भाव, पण तुझ्या कामाला काळसरच बरा, त्याला चव असते. शिवाय पिवळेपणासाठी काही ठिकाणी हायड्रॉस पावडर मारतात, ती नको. ओळखीच्या गुऱ्हाळावरून बिनपावडरचा काढून आणतो. नवा गूळ पाडव्यालाच. एक किलोच्या ढेपा पाठवू का अर्ध्याच्या, ते मामीला फोनवर सांग.

तुझा,
मामा